चहा मुरवायचा तर: पु-अरविषयी वाचकांचे प्रश्न

पु-अर चहाबद्दल आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत. ज्यांना हा चहा नवा आहे त्यांच्यासाठी आधी चार ओळी. चीनच्या नैर्ऋत्येला युनान प्रांत आहे. तिथल्या मोठ्या पानाच्या झाडांची पानं कढईत हलकी परततात, मळतात आणि उन्हात वाळवतात. मग वाफेवर मऊ करून त्यांच्या चकत्या, विटा किंवा वाट्या दाबतात. हा झाला कच्चा पु-अर, म्हणजे ‘शंग’. तो वर्षानुवर्षं सावकाश मुरतो. दुसरा प्रकार ‘शौ’, म्हणजे पिकवलेला. पानांच्या ढिगावर पाणी मारून, झाकून, अधूनमधून उलथून तो साधारण दीड-दोन महिन्यांत काळपट केला जातो. या रीतीला ‘वो-दुई’ म्हणतात आणि ती कुनमिंगच्या कारखान्यात १९७३ साली बसवली गेली. खालची बहुतेक उत्तरं कच्च्या चहाला धरून आहेत, कारण घरी ठेवून खरा बदलतो तो तोच.

प्रश्न: भावाने शांघायहून चहाची गोल चकती आणली. कागदावर ७५४२ छापलंय. हे साल आहे का? लगेच प्यायची की ठेवायची? (ठाणे)

७५४२ हे साल नाही, मिश्रणाचा क्रमांक आहे. पहिले दोन आकडे म्हणजे ते मिश्रण १९७५ सालचं. तिसरा आकडा पानाच्या दर्जाचा. तो जितका लहान तितकी पानं कोवळी. शेवटचा कारखान्याचा: १ कुनमिंग, २ मंगहाई, ३ शियागुआन. म्हणजे तुमच्याकडे मंगहाईच्या मिश्रणाचा कच्चा चहा आहे. ७५७२ असतं तर तो पिकवलेला. शेजारी आणखी एक लहान आकडा असेल तर तो खेपेचा: ५०१ म्हणजे २००५ची पहिली खेप, १८०१ म्हणजे २०१८ची पहिली. तयार झाल्याची तारीख बहुधा मागच्या बाजूला वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने असते.

आज करायचं एकच काम: कागदासकट चकती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि वजन व तारीख कागदावर पेन्सिलीने लिहा. चकती ३५७ ग्रॅमची असते (सात चकत्यांचं बांबूच्या सालपटात बांधलेलं पुडकं अडीच किलोचं होतं, त्यावरून हा विचित्र आकडा). काट्यावर ३५० दिसलं तर फसवणूक झाली असं लगेच समजू नका. कोरड्या हवेत पाणी उडालेलं असतं. पुढे पावसाळ्यात हेच वजन तुमच्या कामी येणार आहे.

प्यायची की ठेवायची, हे चव सांगेल. १०० मिलीच्या झाकणाच्या कपात ६-७ ग्रॅम पानं घ्या. उकळतं पाणी ओता, पाच-दहा सेकंदांत ते ओतून टाका. पुढचं पाणी दहा सेकंद ठेवा आणि प्या. मग दरवेळी थोडा वेळ वाढवत आठ-दहा पाणी काढा. दूध-साखर नको. कडू लागेल, त्याने बिचकू नका. कडूपणा जिभेवरून उतरल्यावर घशात गोडसर काही परत येतं का, ते बघा. येत असेल तर ठेवण्यासारखा आहे. नुसताच कडू आणि पोकळ असेल तर वीस वर्षांनीही पोकळच राहील. एक वाईट खूण आणखी: नव्या चहाला फुलासारखा भपकेबाज सुगंध आणि हिरवागार रंग. असा चहा बऱ्याचदा उन्हाऐवजी यंत्रात गरम हवेने वाळवलेला असतो. पहिलं वर्ष तो छान लागतो, मग उतरतच जातो. तो ठेवू नका, पिऊन टाका.

प्रश्न: आम्ही समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर राहतो. पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं, चामड्याच्या चपलांना बुरशी येते. हाँगकाँगही दमटच, तिथे हा चहा टिकतो. मग आमच्याकडे उघडा ठेवला तर काय बिघडलं? (रत्नागिरी, दादर आणि वसईहूनही असेच प्रश्न)

हाँगकाँगचं उदाहरण बरोबर, निष्कर्ष चुकीचा. तिथे जुन्या पद्धतीत चहा तळमजल्याच्या दमट गोदामात ठेवत, पण एका खोलीत शेकडो पेट्या असत आणि माल खालीवर करायला, वास घेऊन वेळीच कोरड्या गोदामात हलवायला माणसं असत. तरीही काही माल बुरसे. तुमच्याकडे कपाटात चार चकत्या आणि भोवती कोकणचा पाऊस. चार चकत्या हवेला आवरू शकत नाहीत, हवा त्यांना आवरते.

चहाला हवी असते ती ६० ते ६८ टक्के सापेक्ष आर्द्रता आणि २० ते ३० अंश उष्णता. आर्द्रता सत्तरवर गेली की लक्ष ठेवा. पंचाहत्तरच्या वर काही दिवस सलग राहिली की बुरशीला पाट मांडून दिल्यासारखं होतं. कोकणात जून ते सप्टेंबर हवा पंच्याऐंशीच्या आसपास आणि वर असते. म्हणून हे चार महिने चहा बंद ठेवायचा, आणि बंद करायचा तो पाऊस येण्याआधी. पहिली सर पडून गेल्यावर पेटी बंद केली तर पावसाची हवाच आत कोंडली जाते. ही चूक सगळ्यात जास्त होते.

आधी आर्द्रतामापक तपासा. स्वस्त डिजिटल मापक पाच टक्क्यांनी सहज चुकतो, आणि इथे पाच टक्क्यांवरच सगळं अवलंबून आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये. हे झाकण आणि मापक एका छोट्या हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवून १२ तास हलवू नका. २५ अंशांच्या आसपास आत ७५ टक्के आर्द्रता होते, हा मिठाचा गुणच आहे. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार कमी दाखवतो. त्याच्या पाठीवर ‘+४’ अशी चिठ्ठी चिकटवा.

आता पेटी. झाकणाला रबरी पट्टी आणि चारही बाजूंना कड्या असलेली, खाण्याच्या वस्तूंसाठीची २० ते ३० लिटरची प्लास्टिकची पेटी पुरते. गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा, दोन दिवस उन्हात उघडी ठेवा. मग आत एक कोरा मऊ कागद ठेवून दोन दिवस झाकण लावा. कागदाला प्लास्टिकचा वास आला तर पुन्हा उन्हात. चहा वास ओढून घेतो आणि सोडत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस नसलेल्या दुपारी चकत्यांची वजनं लिहून घ्या. तळाला जाड पुठ्ठा, त्यावर चकत्या त्यांच्या मूळ कागदातच, वर मापक आणि ६५ टक्क्यांची आर्द्रतेची पाकिटं. ही दोन्हीकडून काम करणारी पाकिटं असतात: हवा कोरडी झाली तर पाणी सोडतात, दमट झाली तर ओढतात. सिगार ठेवणारे ती वापरतात, बोवेडा हे त्यातलं ओळखीचं नाव. गिटारसाठी मिळतात ती ४९ टक्क्यांची, ती घेऊ नका. बूट-पर्समध्ये सापडणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मूठभर टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. पण सिलिका कुठे थांबायचं ते जाणत नाही. चहा पार सुकवून टाकते.

पेटी आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. बाहेरच्या भिंतीला किंवा न्हाणीघराच्या भिंतीला टेकवू नका. आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत उघडू नका. प्यायला लागणारा चहा आधीच वेगळा काढा: आठवड्यातून एकदा ७ ग्रॅम धरले तर सतरा आठवड्यांना १२० ग्रॅम. हा फोडलेला चहा लहान डब्यात ठेवा. तो चार महिन्यांत संपणारच आहे, थोडा ओलावला तरी बिघडत नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात पेटी उघडा आणि वजन करा. ३५७ ग्रॅमच्या चकतीत दोन टक्के पाणी वाढणं म्हणजे सात ग्रॅम. पाच-सात ग्रॅमचा फरक चालेल. पंधरा ग्रॅमच्या पुढे गेला तर मापक काहीही म्हणो, पेटीत हवा शिरली आहे. कागद सोडा, चकती नीट तपासा, आणि पंख्याच्या वाऱ्यात न ठेवता सावलीच्या मोकळ्या हवेत आठवडाभर ठेवा. सुकलेला चहा पुन्हा जागेवर आणता येतो, बुरसलेला येत नाही. म्हणून शंका आली की कोरड्या बाजूला चुकावं, असंच आमचं मत.

प्रश्न: एसीच्या खोलीत ठेवला तर पेटीची भानगड नको ना? आणि फ्रिजमध्ये? (मुंबई, पुणे)

फ्रिजमध्ये नको. थंडीत मुरणं थांबतं, आणि शेजारी कालचं सारण असतं.

एसीचं जरा समजून घ्या. एसी चालू असताना खोली २२ अंश आणि कोरडी असते. बंद केला, खिडकी उघडली की २८ अंशांची ८५ टक्के दमट हवा आत येते. या हवेतलं पाणी २५ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर दव धरतं. तुमची चकती अजून २२ अंशांवर आहे. एसीच्या गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते ना, तेच चकतीवर होतं, फक्त दिसत नाही, कारण कागद आणि पान ते पाणी पिऊन टाकतात. रोज एकदा असं झालं की महिन्याभरात कडा ओलावतात. एसीच्या खोलीतही पेटी हवीच, आणि तिथली पेटी दुसऱ्या खोलीत नेऊन उघडायची असेल तर आधी पाच-सहा तास तिथेच बंद ठेवा.

पेटीवर ऊन येत असेल तर आणखी एक घोळ होतो. तापलेल्या बाजूचा चहा पाणी सोडतो, ते थंड बाजूला जाऊन बसतं. मापक मध्ये असतो, तो ६५च सांगतो आणि एका कोपऱ्यात बुरशी धरते. पश्चिमेची खिडकी आणि फ्रिजचा माथा या दोन्ही जागा टाळा.

प्रश्न: कागद उघडला तर चकतीवर पांढरं दिसतंय. टाकून देऊ की पुसून घेऊ? (पणजी)

सगळं पांढरं बुरशी नसतं. कोवळ्या कळ्यांवर चंदेरी लव असते. ती पानालगत चपटी, एका दिशेने, चकतीभर विखुरलेली असते. बुरशी उभी राहते, ठिपक्याठिपक्यांनी पसरते आणि पानाच्या आकाराला जुमानत नाही. अंधारात टॉर्च आडवा धरून भिंगातून बघा, उभ्या तंतूंची सावली पडते. मागच्या खळग्यात आधी बघा. चकती दाबताना कापडाची गाठ तिथे असते, तिथे चहा दाट बसतो आणि ओल टिकते. वासही सांगतो: जुन्या लाकडाचा, कापराकडे झुकणारा वास ठीक, ओल्या गोणपाटाचा नाही. मात्र संशयित चकती नाकाला लावून खोल हुंगू नका.

पाहिल्याबरोबर ती बाकीच्यांपासून वेगळी काढा. नुसतीच वरवर, विरळ पांढरी भुकटी असेल तर घराबाहेर मऊ ब्रशने झटका, तेवढा थर खरवडून टाका आणि चकती मधोमध फोडा. आत स्वच्छ असेल तर ५० ते ५५ टक्के आर्द्रतेत तीन-चार आठवडे ठेवून पुन्हा बघा. पुन्हा आली नाही तर पिणारे पितात. पिवळी, हिरवी, काळी किंवा कापसासारखी बुरशी असेल, किंवा पांढरी आतपर्यंत गेली असेल, तर चकती टाकायची, किंमत कितीही असो. उकळत्या पाण्याने बुरशी मरते, पण काही बुरशींनी तयार केलेली विषं त्याने जात नाहीत. घरात दमेकरी, गरोदर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर पहिल्या प्रकारातही टाकलेलीच बरी.

पिवळ्या दाण्यांना ‘सोनेरी फुलं’ म्हणून विकणारे भेटतील. ती फुलं हूनानमधल्या ‘फू’ विटांमध्ये मुद्दाम आणलेली असतात. पु-अरमध्ये घरच्या कपाटात आपोआप उगवलेल्या पिवळ्याला तो मान देऊ नका. आणि ओलावलेली चकती कुरडयांसारखी उन्हात घालू नका. चव मरते आणि करपट वास लागतो.

प्रश्न: नागपुरात उलटं आहे. मेमध्ये दुपारी मापक २०च्या खाली जातो. कूलरसमोर ठेवू का? (नागपूर)

नको. कूलरची हवा दमट असते हे खरं, पण तिच्याबरोबर वाळ्याचा आणि टाकीतल्या पाण्याचा वास येतो. शिवाय कूलर बंद झाला की तासाभरात पुन्हा वाळवंट. ही वरखाली चहाला कोरडेपणापेक्षा वाईट.

पेटी तीच, काम उलटं: पाणी द्यायचं. किती, ते मोजून द्या. समजा पाच चकत्या आहेत, साधारण १.८ किलो. त्यांच्यात दोन टक्के ओल वाढवायची तर ३६ ग्रॅम पाणी लागेल. म्हणूनच एक छोटं पाकीट टाकून लोकांना फरक दिसत नाही: पाकिटातलं मोजकं पाणी चहा दोन आठवड्यांत पिऊन टाकतो, पाकीट कडक होतं आणि मापक तिथेच. ६९ टक्क्यांची मोठी दोन-तीन पाकिटं एकदम टाका, कडक झालेली बदला.

पाकिटं महाग पडतात, तर पणती वापरा. बिनरंगाची मातीची पणती दहा मिनिटं पाण्यात उकळा, निथळू द्या, बाहेरून पुसा, वजन करा. ती स्टीलच्या वाटीत ठेवून पेटीच्या कोपऱ्यात, चकतीला न टेकता ठेवा. आठवड्याने पुन्हा वजन केलं की किती ग्रॅम पाणी चहाला गेलं ते कळतं. एका फेरीत १०-१५ ग्रॅम, मग आठ-दहा दिवस थांबा. पाणी आधी वरच्या पानांत जातं, आत झिरपायला वेळ लागतो. घाई केली तर वरून ओली, आतून कोरडी अशी चकती होते आणि नागपुरातसुद्धा बुरशी येते. ६२-६३ दिसलं की पणती बाहेर. ओला कपडा, सफरचंदाची फोड, पाण्याची उघडी वाटी हे प्रकार करू नका. फोड स्वतःच बुरसते, वाटी लवंडते.

पुणे-नाशिकच्या वाचकांना पाण्याचीही गरज नाही. तिथे चहा एप्रिल-मेमध्ये सुकतो. जूनच्या सुरुवातीला घरातली हवा ६५ ते ७०च्या दरम्यान असते तेव्हा आठ-दहा दिवस पेटीचं झाकण सैल ठेवा, मग बंद करा. मात्र रोज मापक बघून, कारण तो सत्तरच्या पुढे कधी जातो ते पाऊस ठरवतो.

प्रश्न: हिवाळ्यात घरात हीटिंग चालू असतं, आर्द्रता २५ टक्के. इथले काही जण चहा ३० अंशांवर गरम ठेवतात. करावं का? (न्यू जर्सी)

उष्णतेने मुरण्याचा वेग वाढतो हे खरं. पण सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा हीटिंग मॅट पेटीखाली ठेवला की तळ गरम, माथा थंड, आणि माथ्याला पाणी. वर उन्हाबद्दल लिहिलं तेच. करायचंच असेल तर कपाट चहूबाजूंनी सारखं गरम हवं, आणि तेवढा खटाटोप आम्ही सुचवणार नाही. सप्टेंबरात घरातली हवा ६०च्या आसपास असते तेव्हा चकत्या अॅल्युमिनियमचा थर असलेल्या जाड पिशव्यांत, ६५च्या पाकिटासह, इस्त्रीने तोंड चिकटवून बंद करा. मेपर्यंत चिंता नाही. पिशवीतली हवा पूर्ण ओढून निर्वात मात्र करू नका, थोडी हवा चहाला लागते.

प्रश्न: लोणच्याची बरणी, स्टीलचा डबा, माठ: यातलं काय चालेल? (सातारा)

लोणच्याची बरणी नवीकोरी असेल तर चालेल. एकदा जरी लोणचं मुरलं असेल तर नाही. झिलईतल्या बारीक भेगांत हिंग-मोहरी बसलेली असते आणि ती पु-अरला आनंदाने भेटते. स्टीलचा डबा फोडलेल्या चहाला उत्तम. नवा, न वापरलेला माठ सुटा चहा महिनाभर मोकळा करायला छान, पण कोकणात पावसाळ्यात माठ नको. तो ओल आत आणतो.

भांड्याहून जागा महत्त्वाची. देवघराजवळ ठेवलेल्या चहाला उदबत्ती, कपड्यांच्या कपाटातल्याला डांबरगोळ्या, स्वयंपाकघरातल्याला फोडणी. डांबरगोळ्यांचा वास लागलेली चकती वर्षभर हवेशीर ठेवूनही सुधारत नाही.

प्रश्न: पिकवलेला पु-अर मागवला. मासळीबाजाराचा वास येतोय. खराब आहे का? (सोलापूर)

बहुधा नाही. हा ढिगाचा वास आहे. वो-दुईत ओली पानं आतून चांगलीच तापतात, जंतू काम करतात आणि त्याचा वास चकतीत अडकून येतो. नव्या मालाला तो जास्त असतो, एक-दोन वर्षांत विरतो. तेवढं थांबायचं नसेल तर पन्नास ग्रॅम हाताने मोकळा करा, कागदी पुठ्ठ्याच्या खोक्यात सैल झाकून दोन-तीन आठवडे ठेवा, आणि करताना पहिली दोन पाणी टाकून द्या. एवढं करूनही आंबूस किंवा सडका वास राहिला तर ढीगच नीट झाला नव्हता. तो परत करा. कच्चा आणि पिकवलेला एका पेटीत ठेवू नका, कच्च्याला हा वास चटकन लागतो.

प्रश्न: चकती सुरीने फोडताना भुगा होतो, हातही कापला. (कोल्हापूर)

वरून खुपसलं की भुगाच होणार. चकतीतली पानं थरांनी बसलेली असतात. दाभणासारखी जाड, चपट्या टोकाची सुई घ्या. चकती ताटात आडवी ठेवा, कडेकडून थराच्या दिशेने दोन-तीन सेंटिमीटर आत घाला आणि हलकेच उचला. पापुद्रा सुटतो. दोन बोटं पुढे सरकून पुन्हा. दुसरा हात टोकासमोर नाही, टोकामागे. यंत्राने दाबलेली ‘लोखंडी’ चकती, जिच्या पाठीवर खळग्याऐवजी बारीक टिपके असतात, तिला सुरी लागतच नाही, सुईच हवी. वाफेवर धरून मऊ करू नका. आत राहिलेली ओल दहा दिवसांनी दिसते. खाली पडलेली भुकटी टाकू नका, पण एका वेळी एक ग्रॅमहून जास्त घातली तर चहा कडूजहर होतो.

प्रश्न: एक विक्रेता १९९२चा चहा म्हणून देतोय. खरा कसा ओळखायचा? आणि गुंतवणूक म्हणून किती घ्यावा? (पुणे)

कागदावरून खरं ठरवता येत नाही, खोटं मात्र पकडता येतं. त्यावर क्यू आणि एस या दोन रोमन अक्षरांची चिनी अन्नपरवान्याची खूण असेल तर तो १९९२चा नाही. ती खूण २००० सालानंतरची. तिच्या जागी एस-सी असेल तर २०१५ किंवा नंतरचा. चकतीत दाबलेली छोटी चिठ्ठी असते. ती उचकटून पुन्हा बसवलेली दिसली, तिच्या कडेवर पानं रुतलेली नसली, तर उठून या. ओल्या गोदामातला पाच-सात वर्षांचा चहा काळा आणि गुळगुळीत होतो, त्याला तीस वर्षांचा म्हणणं सोपं असतं. म्हणून उकळून झालेली पानं बोटांत चोळून बघा: कोरडा, नीट मुरलेला चहा तपकिरी पण लवचिक राहतो. जास्त ओलीत राहिलेलं पान काळं पडून चिखलासारखं सुटतं.

गुंतवणुकीचं: १९८९ ते १९९२ दरम्यानचा ७५४२ हाँगकाँगात कोरडा ठेवला गेला, पुढे ‘८८ चिंग’ नावाने सोन्याच्या भावाने विकला गेला. ही गोष्ट प्रत्येक विक्रेता सांगतो. २००७मध्ये भाव चढत चढत एकाएकी कोसळले आणि चीनमध्ये अनेकांच्या पेट्या घरात पडून राहिल्या, हे तो सांगत नाही. आपल्याकडे तर जुना पु-अर परत विकायला बाजारच नाही.

पिण्यासाठी हिशोब सोपा आहे. ३५७ भागिले ७ म्हणजे एका चकतीतून एक्कावन्न वेळा चहा. आठवड्यातून एकदा पिणाऱ्या घराला एक चकती वर्षभर पुरते. आधी २५ ग्रॅमचा नमुना मागवा, आवडला तर दोन चकत्या: एक प्यायला, एक ठेवायला. दहा चकत्यांच्या वर गेलात तर तुम्ही चहा जमवत नाही, कागद जमवताय.

प्रश्न: भारतात असा मुरवलेला चहा होतो का? (बेळगाव)

होतो. आसामच्या तिनसुकिया भागात आणि अरुणाचलच्या चांगलांगमध्ये सिंगफो लोक ‘फालाप’ करतात. झाडही मोठ्या पानाचंच, आणि १८२३ साली रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला आसामी चहाची ओळख करून दिली ती सिंगफो सरदार बिसा गाम यांनीच. पानं कढईत परततात, उन्हात आणि दवात ठेवतात, ओल्या बांबूच्या नळीत ठासतात आणि नळी चुलीवर धुरात टांगतात. सुकल्यावर आतला कांडीसारखा चहा सुरीने कापून वापरतात, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो.

चव पु-अरची नाही, धुराची आहे. मिळाला तर पाच ग्रॅमला १५० मिली उकळतं पाणी घ्या आणि कमी वेळ ठेवा. आणि नळी सोललेली असो वा नसो, पु-अरच्या पेटीत ठेवू नका. त्याचा धूर महिन्याभरात सगळ्या चकत्यांना लागतो.